दस्तुरीच्या पुढे

चाकाची खुर्ची दुरुस्तीला आली की ती कुठे वापरली जाते हे मला विचारावं लागत नाही. मुंबईच्या फुटपाथांवर फिरणारी खुर्ची असेल, तर पुढच्या छोट्या चाकांचं रबर जागोजागी तुटलेलं असतं. दिवसभर ती कडांवर आपटत असतात. अलिबाग-मुरुडकडची खुर्ची घडीच्या सांध्यात गंजून बसलेली असते. जी खुर्ची घराबाहेर पडतच नाही, तिच्या टायरवरची नक्षी शाबूत असते आणि पुढच्या चाकांच्या आसात केस आणि दोरे गच्च गुंडाळलेले असतात. असं कोरं टायर दिसलं की मी खुर्चीचं बाजूला ठेवतो आणि घरच्यांशी आधी त्या माणसाबद्दल बोलतो. माथेरानची खुर्ची खोलली की बेअरिंगमधून तांबडी माती निघते. ग्रीसमध्ये मळून तिचा घट्ट लगदा झालेला असतो, चाक करकरतं आणि एका पावसाळ्यात नवी बेअरिंग निकामी होते.

कर्जत-बदलापूर पट्ट्यात मी हे काम करतो. खुर्च्या, कुबड्या, वॉकर, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली, साइड व्हील लावलेल्या स्कूटर. माणसाच्या मापाने बसवून द्यायच्या आणि मोडल्या की नीट करायच्या. माथेरान आमच्या डोक्यावरच. तिथलं काम येतं, आणि बऱ्याचदा हत्यारांची पिशवी घेऊन मलाच वर जावं लागतं.

शहरातला एखादा रस्ता गाड्यांना बंद करायची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो: अपंगांचं काय? विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांना एरवी अपंगांशी घेणंदेणं नसतं. त्यांना स्वतःची गाडी दुकानाच्या दारापर्यंत न्यायची असते. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. वाहनबंदीच्या बाजूचे लोक या प्रश्नावर गप्प बसतात किंवा विषय बदलतात, त्याचा मला जास्त राग येतो, कारण मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे. मोटारी नसलेल्या गावात चालता न येणारा माणूस कसा राहतो, हे बघायला लांब जायला नको. नेरळच्या वर ते गाव आहे.

माथेरान सुमारे आठशे मीटर उंचीवर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे पोचले आणि पुढे इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. मोटार मात्र दस्तुरी नाक्याला थांबते ती थांबतेच. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बंदीला कायद्याचा आधार मिळाला. सवलत होती ती रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनाच्या गाडीला.

या सवलतीवर मी खूप विचार केला आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजारी माणूस होता; अपंग माणूस नव्हता. ज्याचे पाय चालत नाहीत तो आजारी नसतो. त्याला दवाखान्यात जायचं नसतं, लग्नाला जायचं असतं, बाजारात कांदे-बटाटे घ्यायचे असतात. माझे एक गिऱ्हाईक आहेत, चामड्याच्या चपलांचं छोटं दुकान चालवतात. तरुणपणी जांभळाच्या झाडावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. ते मला म्हणाले, "भाऊ, छातीत दुखलं तर गाडी येईल. बँकेत जायला मी छातीत दुखतंय म्हणू का?" खुर्चीचं कुशन बसलंय, बदलायला हवं, हे त्यांना कळत होतं. जखम व्हायला सुरुवात झाली होती. तरी ते महिनोन्‌महिने खाली आले नाहीत. नेरळ ते कर्जत लोकलने हाकेच्या अंतरावर. अडायचं ते दुकानापासून दस्तुरीपर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरवर.

त्या तुकड्यावर काय काय साधनं होती ते सांगतो. घोडा. पोलिओने एक पाय गेलेला माणूस घोड्यावर नीट बसतो, अशी माणसं मी पाहिली आहेत. पण ज्याला धडाचा तोल नाही, त्याला घोड्यावर बसवणं म्हणजे पाडणं. पायात झटके येत असतील तर घोडाही बिथरतो. दुसरं साधन छोटी रेल्वे. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल २०१२ पासून सुरू झाली आणि ती थेट बाजारात आणून सोडते, ही फार मोठी सोय. पण या रेल्वेच्या रुळांमधलं अंतर दोन फूट, आणि दवाखान्यात मिळते तशा साध्या खुर्चीची बाहेरून रुंदी त्याहून जास्त भरते. डब्याचं दार, आतली जागा सगळं त्या दोन फुटांच्या हिशेबाने. माणसाला उचलून आत बसवायचं, खुर्ची घडी करून दुसरीकडे. उचलणारा माणूस घरचा असेल तर ठीक. रोज कोणाच्या गळ्यात हात घालायचे?

तिसरी हातरिक्षा. पुढे एक जण दांड्या धरून ओढायचा, मागून एक-दोघं रेटायचे. अशा चौऱ्याण्णव परवान्यांच्या रिक्षा गावात होत्या. अपंग आणि म्हाताऱ्या माणसांना इतकी वर्षं खऱ्या अर्थाने कोणी नेलं-आणलं असेल, तर या लोकांनी. खुर्चीवरून सीटवर माणूस कसा घ्यायचा, कुठे हात घालायचा, पाय कसे सावरायचे, हे त्यांच्याइतकं चांगलं मी कोणाला करताना पाहिलेलं नाही. शिकवलेलं नाही, हातांनी शिकलेलं. एकदा मी त्यांच्यातल्या एका वयस्क मामांना नीट बघत होतो. त्यांनी आधी गिऱ्हाइकाचा डावा गुडघा स्वतःच्या गुडघ्याने अडवला, मग पट्ट्याला धरून त्यांना पुढे झुकवलं, आणि मगच उचललं. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना हेच शिकवतात.

पण चढ लागला की त्यांची छाती वाजायला लागायची. चपलांचे दुकानदार खाली येणं टाळायचे त्याचं हे एक कारण होतं, आणि ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. भाडं परवडत नव्हतं ते होतंच. पण आपल्याच वयाचा, आपल्याच ओळखीचा माणूस समोर वाकून धापा टाकतोय आणि आपण वर बसलोय, हे त्यांना सोसत नव्हतं. अपंग माणसाची सोय आणि रिक्षा ओढणाऱ्याची फुप्फुसं अशी एकमेकांसमोर उभी करणं, हे या गावातल्या वाहनबंदीचं सर्वांत वाईट फळ होतं. दोघांपैकी कोणाचाच त्यात दोष नव्हता.

म्हणून ई-रिक्षाची मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने लावून धरली, याला माझ्या लेखी मोठं मोल आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने सात ई-रिक्षा तीन महिन्यांच्या प्रयोगासाठी सुरू झाल्या. पुढे संख्या वाढली, वाद वाढले, तारखा पडत राहिल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, आणि ओढणाऱ्यांना गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करा. निकाल वाचून मला मनापासून आनंद झाला. तो आधी त्या मामांसाठी झाला.

ई-रिक्षा आली म्हणजे माझं काम संपलं, असं मात्र झालं नाही. ती शहरातल्या सपाट रस्त्यावरच्या धडधाकट प्रवाशासाठी बनवलेली गाडी आहे. खुर्चीसकट आत जाता येत नाही. आसनाला बाजूला आधार नाही, त्यामुळे वळणावर तोल नसलेला माणूस आडवा होतो. मी मांडीवर आणि छातीवर बांधायचा एक रुंद पट्टा शिवून घेतला. पाठीमागच्या दांडीला दोन हुक. मागे खुर्ची अडकवायला लोखंडी कडी. ही साधी कामं आहेत, खर्च किरकोळ. पण ती गाडी घेतानाच मागायची असतात. निम्म्या गाड्यांना नको, दोन गाड्यांना मागून उतरणारी फळी असली आणि त्या आधी अपंगांना द्यायच्या असा लेखी नियम असला, तरी गावाला पुरेल. शनिवार-रविवारी पर्यटकांची रांग लागते तेव्हा रिक्षावाल्याच्या चांगुलपणावर किती दिवस चालायचं?

आता रस्त्याबद्दल, कारण माझ्या धंद्यात सगळं शेवटी रस्त्यावर येऊन थांबतं. माथेरानचा रस्ता जांभ्याचा, तांबड्या मातीचा. उन्हाळ्यात वर बारीक खडी आणि धूळ, पावसाळ्यात माती वाहून जाते आणि दगड उघडे पडतात. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. मऊ मातीत ती रुततात, दगडाला अडतात, आणि खुर्ची जागच्या जागी थांबून आतला माणूस पुढे फेकला जातो. अशा ठिकाणी खुर्ची उलटी फिरवून, पुढची चाकं उचलून, मोठ्या चाकांवर मागे ओढत न्यावी लागते. मी प्रत्येक घरातल्या माणसाला हे आधी शिकवतो. उतारावरही तसंच, पाठ उताराकडे. काम भागतं, पण माणूस आपण कुठे जातोय ते न बघता उलटा जातो. डोंगरावर येऊन त्याला दरी दिसत नाही, मागे पडलेला रस्ता दिसतो.

मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालण्यावरून बरंच रान उठलं. घोडे घसरतात, सिमेंटने जंगल बिघडतं, पाणी मुरत नाही, असे आक्षेप होते. शेवटी न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्याला मातीचे ब्लॉक मान्य केले आणि आतल्या रस्त्यांना, पायवाटांना नाही म्हटलं. माझं मत सांगतो. ब्लॉकवर खुर्ची चालते. सांध्यांवरून जाताना हादरे बसतात, पाठीच्या दुखण्याला ते वाईट, पण आतला माणूस स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलू शकतो, आणि हा फरक लहान नाही. आतल्या वाटांवर ब्लॉक नकोत हेही मला पटतं. तिथे चाळलेला मुरूम, पाणी मारून, रोलरने दाबून, कडेला पाण्याला वाट काढून दिली तर चाक बऱ्यापैकी चालतं. दर पावसाळ्यानंतर पुन्हा करावं लागेल, एवढंच. सगळे पॉइंट मागत नाही. शार्लोट तलावापर्यंतची एक वाट अशी नीट राखली, तर खुर्चीतला माणूस पाण्यापर्यंत स्वतः जाईल.

अश्वपालांना भीती वाटते की आज ई-रिक्षा आली, उद्या टॅक्सी येईल. ही भीती खोटी नाही. दार एकदा उघडलं की कोण कोण आत घुसतं हे आपण लोणावळ्यात पाहिलं आहे. आणि दस्तुरीच्या पुढे मोटार यावी असं मला कधीच वाटलं नाही. त्याचं कारण पुस्तकातलं नाही.

बदलापूरचं एक कुटुंब माझ्याकडे येतं, मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. अचानक आवाज झाला की त्याचं सगळं अंग ताठ होतं, मान मागे जाते, हात झटकले जातात. हॉर्नच्या गावात त्याला बाहेर नेणं म्हणजे दर मिनिटाला हे. त्याच्या खुर्चीचा पाठीचा भाग आणि पायाचे पट्टे दर काही महिन्यांनी तुटतात, इतका त्या ताठण्यात जोर असतो. त्यांना मी माथेरानला जायला सांगितलं आणि सोबत गेलो, कारण खुर्ची टिकते का ते बघायचं होतं. बाजारापासून पुढे झाडीत शिरल्यावर त्याच्या मुठी उघड्या होत्या. माकडं, घोड्यांच्या टापा, दूर शटलची शिटी. काही आवाजांना तो दचकला, पण लगेच सैल झाला. त्याची आई सारखी त्याच्या तळहाताला हात लावून बघत होती. परत आल्यावर पट्टे तपासले, शिवण जशीच्या तशी होती.

आणखी एक गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा दिसली. खुर्चीवरचा नवरा आणि चालणारी बायको शेजारी-शेजारी जात बोलत होते. आमच्या शहरांत हे घडत नाही. रस्त्याच्या कडेने, गाड्या चुकवत, खुर्ची पुढे आणि ढकलणारा मागे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही. वर रस्ता रुंद, समोरून येतील ती माणसं नाहीतर घोडे. खुर्ची तो स्वतः ढकलत होता. ती त्याच्या बाजूने चालत होती आणि कशावर तरी दोघांचं चांगलं भांडण चाललं होतं.

म्हणून गाड्या काढायच्या की अपंगांना फिरू द्यायचं, अशी निवड जो समोर ठेवतो त्याच्याशी माझं जमत नाही. मोटारींच्या गर्दीतही अपंग माणूस घरातच बसतो; त्याचं कोरं टायर मी रोज बघतो. पण बंदी घालताना कोणतं चाक कोणाचा पाय आहे हे ओळखलं नाही, तर तो उरलासुरला सुद्धा बाहेर पडायचा थांबतो. एका शहरात वाहनमुक्त रस्त्याचा दिवस होता. माझं एक गिऱ्हाईक आपल्या साइड व्हीलच्या स्कूटरवर तिथे गेलं. बॅरिकेडपाशी अडवलं, गाडी लांब लावून चालत या म्हणाले. त्याच्या कुबड्या स्कूटरला बांधलेल्या समोर दिसत होत्या. अडवणारा स्वयंसेवक वाईट नव्हता, गोंधळलेला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो दिवस मुलांनी रस्त्यावर खेळण्यात घालवला, मला त्याचा आनंदच आहे. पण माझा गडी घरी परतला.

दुसरा नमुना फुटपाथवरच्या खांबांचा. मोटारसायकली चढू नयेत म्हणून स्टीलचे खांब रोवतात आणि ते इतके जवळ रोवतात की खुर्चीही जात नाही. खुर्ची पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास असते, वर रिम ढकलणाऱ्या हातांची बोटं धरा. नव्वद सेंटिमीटर मोकळे लागतातच. मुंबईत २०२३ मध्ये खुर्ची वापरणाऱ्या एकाने हे उच्च न्यायालयाला ईमेलने कळवलं आणि न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. खांबांना माझा विरोध नाही, मोटारसायकल फुटपाथवर आली तर पहिल्यांदा चिरडला जाणारा खुर्चीवालाच. एक टेप घेऊन माप घ्यायला हवं होतं, बस.

ज्यांनी हे मनावर घेतलं त्यांनी करून दाखवलं आहे. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना. २००७ पासून तिथे शहराचा मध्यभाग टप्प्याटप्प्याने मोटारींना बंद झाला, आणि म्हाताऱ्या-अपंगांसाठी 'कावालीर' नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फुकट फिरतात; हात केला की थांबतात. स्पेनच्या पोन्तेवेद्रात १९९९ नंतर मध्यवस्तीतले रस्ते पायी चालणाऱ्यांना देताना फुटपाथ आणि रस्ता यांच्यातली पायरीच काढून टाकली. चाकाला याहून चांगलं काही नाही. पांढऱ्या काठीला मात्र ती कडच खूण असते. पायरी काढली तर जमिनीवर दुसरी खूण, काठीला लागेल अशी, द्यावी लागते. आणि विजेची गाडी आवाज करत नाही, हे दृष्टिहीनांसाठी वेगळं संकट. माथेरानच्या ई-रिक्षांना मी हळू वाजणारी घंटा सुचवली आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम नुसते सल्ले म्हणून ठेवता येणार नाहीत, काही किमान गोष्टी बंधनकारक कराव्याच लागतील. मला कायद्यातलं फार कळत नाही. बंधनकारक म्हणजे काय ते कळतं: मला कोणाला हात जोडावे लागणार नाहीत.

चपलांच्या दुकानदारांचं आता नवीन काम सुरू आहे. खुर्चीला पुढून जोडायचं विजेचं चाक आता आपल्याकडे मिळतं; आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेलं निओबोल्ट हे त्यातलं माहितीतलं नाव. जोडलं की खुर्चीची तीनचाकी होते, पुढची छोटी चाकं जमिनीपासून उचलली जातात, आणि रुतणं-अडणं बरंच कमी होतं. घरी आलं की जोडणी काढायची, पुन्हा साधी खुर्ची. त्यांना ते घ्यायचं आहे. प्रश्न असा की दस्तुरीच्या आत हे वाहन की खुर्ची? कोणीतरी एखाद्या दिवशी अडवील आणि मग कागद शोधत बसावं लागेल, म्हणून आम्ही आधीच अर्ज लिहिला आहे. त्यांच्या मुलीने टाइप केला, माप आणि वजन मी दिलं. अर्जात म्हटलं आहे की अपंग व्यक्ती स्वतः बसून चालवते ती खुर्ची, तिला मोटार जोडलेली असो वा नसो, वाहनबंदीत धरू नये. वेगाला मर्यादा घाला, ती आम्हाला मान्य आहे. परवानगी एकट्या अर्जदाराला नको, गावात येणाऱ्या प्रत्येक खुर्चीला द्या. शेवटची ओळ त्यांनी घालायला लावली. ते म्हणाले, माझ्यापुरती मिळाली तर ती मेहेरबानी होईल.

पुढच्या आठवड्यात मी उसनं आणलेलं एक चाक घेऊन वर जाणार आहे. सपाटीवर ते चांगलं ओढतं, ते मी बघितलंय. बाजारातून दस्तुरीकडे जाताना मध्ये जो उतार लागतो, तिथे ओल्या ब्लॉकवर ब्रेक किती धरतो, ते बघायचं आहे.